पियानोच्या तारांवर हात: फाझिल साय आणि 'कारा तोप्राक'

१९९७ साली फाझिल साय या तुर्की पियानोवादक-संगीतकाराने पियानोसाठी सहा-सात मिनिटांची एक रचना लिहिली. नाव 'कारा तोप्राक', म्हणजे काळी माती. ती सुरू होते तेव्हा वादक उजवा हात नेहमीसारखा पट्ट्यांवर ठेवतो आणि अर्धवट उठून डावा हात पियानोच्या आत, थेट तारांवर टेकवतो. तारा दाबलेल्या असल्याने हातोडी पडली की स्वर लांबत नाही. कोरडा, लाकडी, तुटक आवाज येतो. तुर्कस्तानात वाढलेल्या माणसाला तो क्षणात ओळखू येतो, कारण तो साझचा आवाज आहे. साझ म्हणजे लांब मानेचं, तारांचं लोकवाद्य. त्याला बालामा असंही म्हणतात.

ही छोटी रचना मी अभ्यासाला घेतली, कारण एका मोठ्या प्रश्नाचं उत्तर तिच्यात सापडतं. तुर्की लोकसंगीत आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत एकत्र आणायचा खटाटोप तुर्कस्तानात जवळजवळ शंभर वर्षं चालला आहे. त्यावर सरकारी पैसा खर्च झाला, संस्था उभ्या राहिल्या, मोठमोठ्या प्रतिभेची माणसं त्यात आयुष्यभर राबली. तरी त्यातलं बरंचसं संगीत ऐकताना लोकगीताला कोट-टाय चढवल्यासारखं वाटतं. 'कारा तोप्राक' ऐकताना तसं वाटत नाही. असं का होतं, याचा हा शोध.

गाणं आणि ते गाणारा माणूस

सायच्या रचनेमागे याच नावाचं एक गाणं आहे, आशिक वेसेल यांचं. पूर्व-मध्य अनातोलियातल्या (तुर्कस्तानच्या आशियाई भूभागातल्या) सिवास प्रांतात, शार्कशला तालुक्यातल्या सिव्रिआलान गावी १८९४ साली त्यांचा जन्म झाला. आई मेंढ्यांचं दूध काढायच्या कामावर गेलेली असताना वाटेतच बाळंत झाली, असं ते स्वतः सांगत. सातव्या वर्षी देवी आल्या आणि एक डोळा गेला. दुसऱ्याने थोडंफार दिसत होतं, तोही पुढे अपघातात गेला. मुलाचा जीव रमावा म्हणून वडिलांनी हातात साझ दिला.

स्वतः कवनं रचून साझवर गाणाऱ्या कवी-गायकांना तिकडे आशिक म्हणतात. युनेस्कोने २००९ मध्ये ही परंपरा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. वेसेल मात्र बराच काळ दुसऱ्यांचीच कवनं गात होते. १९३१ मध्ये सिवासला लोककवींचा मेळावा भरला. तो भरवणारे कवी आणि शिक्षक आहमेत कुत्सी तेजेर यांनी त्यांना हेरलं. १९३३ मध्ये तुर्की प्रजासत्ताकाला दहा वर्षं झाली, तेव्हा वेसेल यांनी त्यावर कवन रचलं आणि ते प्रजासत्ताकाचे संस्थापक अतातुर्क यांना ऐकवायला एका सोबत्याबरोबर पायी अंकाराला निघाले. ऐन हिवाळ्यात सुमारे तीन महिने चालले. भेट झाली नाहीच. अंकाराच्या बाजारात साझच्या तारा घ्यायला गेले, तर अंगावरचे खेडवळ कपडे आणि पायातल्या चामड्याच्या वहाणा बघून पोलीस त्यांना आत सोडेना. ज्या शहरात त्याच वेळी 'लोकसंगीतावर आधारलेलं राष्ट्रीय संगीत' घडवायच्या योजना आखल्या जात होत्या, त्याच शहरात हे झालं. हा प्रसंग मला या सगळ्या विषयाच्या मुळाशी असलेला वाटतो.

पुढे दिवस पालटले. खेड्यातल्या मुलांमधून शिक्षक घडवण्यासाठी सरकारने काढलेल्या 'ग्राम संस्थां'मध्ये त्यांनी साझ शिकवला. १९६५ मध्ये संसदेने खास कायदा करून त्यांना महिना ५०० लिरा मानधन दिलं. गावात त्यांनी फळबाग लावली, तोवर तिथे कोणी लावली नव्हती. १९७३ च्या मार्चमध्ये ते गेले. फाझिल साय तेव्हा तीन वर्षांचे होते.

'कारा तोप्राक' हे अकरा अक्षरांच्या ओळींचं कवन आहे. मित्र मित्र म्हणत किती जणांच्या गळ्यात पडलो, पण खरी साथ दिली ती काळ्या मातीने, असा त्याचा भाव. कुदळीने तिचं पोट फाडलं, नखांनी तिचं तोंड ओरबाडलं, तरी तिने फूलच दिलं, असं त्यात एका ठिकाणी येतं. हे म्हणणारा माणूस आंधळा आहे आणि स्वतः बाग लावणारा आहे, म्हणून त्यातली माती ही नुसती कवीची प्रतिमा राहत नाही. गाताना वेसेल आवाज चढवत नाहीत. ध्वनिमुद्रण ऐकलं तर साझ आणि गळा एकाच पट्टीत, एकाच ताकदीने बोलतात. मधल्या जागांत तारांची आस तेवढी उरते.

सरकारने काढलेली वाट

साय यांनी काय वेगळं केलं हे कळायला आधी काय होत होतं ते पाहायला हवं.

१९२३ मध्ये झिया ग्योकाल्प या विचारवंताने तुर्की राष्ट्रवादाची मांडणी करताना संगीताचाही निवाडा करून टाकला. त्याच्या मते देशात तीन संगीतं होती: ऑटोमन दरबारातलं पौर्वात्य, युरोपातून आलेलं पाश्चात्त्य आणि खेड्यातलं लोकसंगीत. पहिलं परकं आणि रोगट, म्हणून टाकून द्यावं. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मीलनातून राष्ट्रीय संगीत जन्मेल. कागदावर हे सुटसुटीत दिसतं. १९२५ मध्ये सूफी मठ कायद्याने बंद झाले आणि तिथली संगीतपरंपरा उघड्यावर आली. १९३४ च्या नोव्हेंबरात रेडिओवरून ऑटोमन पद्धतीचं संगीत बंद झालं, ते सुमारे वीस महिने. या काळात बऱ्याच श्रोत्यांनी काटा अरबी केंद्रांकडे फिरवला, असं या काळावर लिहिणारे सांगतात.

त्याच सुमारास परदेशांत शिकून आलेल्या पाच तरुण संगीतकारांवर मोठी भिस्त होती. पुढे त्यांना 'तुर्की पंचक' असं नाव पडलं: जेमाल रेशित रेय, हसन फेरित आलनार, उलवी जेमाल एर्किन, आहमेत आदनान सायगुन आणि नेजिल काझम आकसेस. १९३६ मध्ये अंकाराला सरकारी संगीत विद्यालय उभं राहिलं. सल्लागार होते जर्मन संगीतकार पाउल हिंडेमिट. त्याच वर्षी नोव्हेंबरात हंगेरीचे बेला बार्टोक लोकगीतं गोळा करायला आले. सायगुन यांना सोबत घेऊन ते दक्षिणेत, अडाना-ओस्मानिये भागात हिंडले आणि भटक्या युरुक लोकांची गाणी मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित केली. ओस्मानियेला एका सत्तरीच्या शेतकऱ्याने पहिलंच गाणं म्हटलं, तर बार्टोकना ते एका जुन्या हंगेरियन चालीचं भावंड वाटलं. त्यांचा आनंद गगनात मावेना. पण परक्या पुरुषांसमोर बायका गायला तयार नव्हत्या. त्यामुळे गाण्यांचा अर्धा मुलूख त्यांच्या हाती लागलाच नाही.

या पिढीने केलेलं काम हलक्यात घेण्यासारखं नाही. सायगुन यांचं 'युनुस एमरे' हे १९४२ चं ऑरेटोरिओ (गायक आणि वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) आजही उभं राहतं. एर्किन यांचं 'क्योचेक्चे' ऐकून बसल्या जागी पाय हलतात. तरी एक गोष्ट राहतेच. इथे लोकगीत म्हणजे बहुतेक वेळा कागदावर उतरवून घेतलेली चाल. वाद्य गेलं, गळा गेला, चाल तेवढी उरली, आणि तिला ऑर्केस्ट्रा देण्यात आला.

अडचण कुठे आहे

आता थोडं तांत्रिक. हे टाळून पुढे जाता येणार नाही.

साझच्या मानेवर बांधलेले पडदे सरकवता येतात. साधारणपणे एका सप्तकात सतरा पडदे असतात. पियानोवर त्याच जागेत बाराच स्वर, आणि तेही सगळे समान अंतरावर जखडलेले. तुर्की संगीतशास्त्रात एका पूर्ण स्वराचे नऊ 'कोमा' करतात. खालच्या स्वरापासून चार कोमांवर जो स्वर लागतो, तो पाच कोमांवरच्या स्वराहून निराळा. अनातोलियातल्या असंख्य गाण्यांत 'ला' हा षड्ज धरला तर पुढचा रिषभ कोमलपेक्षा चढा आणि शुद्धपेक्षा उतरलेला लागतो. तुर्की लोकसंगीताच्या स्वरलेखनात तो कोमलच्या खुणेवर २ चा आकडा घालून लिहितात. शिवाय तो एका जागी थांबत नाही. चाल वर चढताना थोडा वर असतो, उतरताना आणखी खाली येतो. हिंदुस्तानी संगीत ऐकणाऱ्याला यात नवल वाटायचं कारण नाही. पियानोवर मात्र हा स्वरच नाही. एक तर कोमल वाजवा, नाहीतर शुद्ध. दोन्हीकडून गाणं बिघडतं.

पेटीवरून आपल्याकडे झालेला वाद याच जातीचा. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला बावीस श्रुतींची पेटी तयार करायचा घाट घातला. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटी बंदच करून टाकली आणि ती बंदी १९७१ पर्यंत टिकली. नाट्यसंगीत आणि कीर्तनं तोवर पेटीवरच चालू होती. पेटीवाल्यांनी आपला मार्ग काढला: जो स्वर पेटीत नाही, तिथे हात आखडता घ्यायचा आणि गळ्याला जागा द्यायची.

पियानोची दुसरी अडचण याहून खोल आहे. पाश्चात्त्य हार्मनी, म्हणजे चालीखाली एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांचे मेळ, तीन-तीन स्वरांच्या थरांवर उभी आहे. एका स्वरमेळातून दुसऱ्यात जाताना ओढ निर्माण करायला सप्तक संपण्याआधीचा निषाद तीव्र लागतो. लोकगीतात तो तसा नसतो. हार्मनीच्या सोयीसाठी तो चढवला की गाण्याचा चेहरा बदलतो. केमाल इलेरिजी या अभ्यासकाने यावर उपाय म्हणून चौथ्या-चौथ्या स्वरांवर रचलेली निराळी हार्मनी मांडली. साझच्या मोकळ्या तारा चालीबरोबर वाजतात, तेव्हा चौथ्या-पाचव्या स्वरांचे मेळ आपोआप होतात, हे तिच्या बाजूने जाणारं होतं. काही संगीतकारांना तिचा मोठा आधार झाला. पण तीही शेवटी चालीखाली काय घालायचं याचंच उत्तर होती.

सायचा तोडगा

फाझिल साय यांचा जन्म १९७० चा, अंकाराचा. वडील आहमेत साय संगीतावर लिहिणारे, त्यामुळे घरात पुस्तकंही होती आणि संगीतही. पहिले गुरू मिथात फेनमेन पॅरिसला आल्फ्रेड कोर्तो यांच्याकडे शिकलेले. ते या मुलाला रियाजाआधी रोज, त्या दिवशी काय काय पाहिलं ते पियानोवर मनाने वाजवायला लावत. या एका सवयीने साय यांच्यातला संगीतकार घडला असं मला वाटतं. वाद्यावर बसायचं ते आधी काहीतरी सांगायला, आणि मग दुसऱ्याचं लिहिलेलं वाजवायला. पुढे ते १९८७ मध्ये ड्युसेलडॉर्फला डेव्हिड लेव्हाइन यांच्याकडे गेले, मग बर्लिनला. 'कारा तोप्राक' लिहिलं तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते.

रचनेचं वळण साधं आहे. सुरुवातीला तारा दाबून साझचा सूर. चालीचे तुकडे येतात, मध्ये थांबतात, पुन्हा येतात. ठेका पक्का नाही. आशिक गायला लागण्यापूर्वी वाद्य छेडत बसतो, तसा मोकळा विस्तार. मग हात तारांवरून निघतो आणि मधला भाग सुरू होतो. इथे पियानो पूर्ण पियानो होतो: जाड स्वरमेळ, रोमँटिक काळातल्या वादनाची आठवण देणारा फुलोरा, जॅझच्या वळणाचे ठेके. शेवटी हात पुन्हा तारांवर येतो आणि पहिला सूर परततो.

तारांवर हात ठेवायची कल्पना साय यांची नाही. अमेरिकन हेन्री कॉवेल यांनी १९२० च्या दशकातच पियानोच्या तारा बोटांनी छेडल्या होत्या. जॉन केज यांनी तारांमध्ये खिळे-रबर अडकवून पियानोचं तालवाद्य केलं. पण त्या दोघांना नवा, न ऐकलेला आवाज हवा होता. साय यांना जुना, ओळखीचा आवाज हवा होता. तंत्र तेच असलं, तरी दिशा उलटी आहे.

तारा दाबल्या की बऱ्याच गोष्टी एकदम घडतात. स्वराची लांबी जाते, म्हणजे साझवर 'तेझेने'ने मारलेल्या आघातासारखा तो लगेच विझतो. (तेझेने म्हणजे नखी. पूर्वी ती चेरीच्या सालीची करत.) हातोडीचा आणि लाकडाचा आवाज वर येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्वराची कड पुसट होते. दाबलेल्या तारेत मूळ स्वर दबतो आणि वरचे उपस्वर उसळतात. बोट जरा पुढे-मागे झालं की छटा बदलते. तो बाराच्या चौकटीतला स्वर आहे की सतराच्या, हे कान ठामपणे सांगू शकत नाही. पियानोला जो रिषभ मिळत नाही, तो साय यांनी मिळवलेला नाहीच. तो नाही हे ऐकू येऊ नये अशी जागा त्यांनी तयार केली. पेटीवाल्यांनी हात आखडता घेतला, त्याच जातीची ही समज.

इथेच हे प्रकरण जुन्या पिढीपासून वेगळं होतं. त्यांनी वेसेल यांच्यासारख्यांची चाल घेतली असती. साय यांनी वेसेल यांचा हात घेतला: आघात कसा पडतो, तार किती वेळ जिवंत राहते, दोन ओळींच्या मध्ये किती थांबायचं. मूळ गाण्याची चाल रचनेत सबंध, गाता येईल अशी येत नाही. तिचे तुकडे येतात आणि तेवढ्याने काम होतं.

मधला भाग मला तितका पटत नाही. तो वाजवायला सुंदर आहे आणि श्रोते त्यावरच टाळ्या वाजवतात. पण तिथे पियानो इतका भरून बोलतो, की वेसेल यांचा कमी बोलण्याचा स्वभाव हरवतो. या भागाच्या बाजूने एवढंच म्हणेन, की त्याने कान भरून गेल्याशिवाय शेवटी येणारा कोरडा सूर इतका लागला नसता.

वादकांसाठी यात व्यवहाराच्या अडचणीही आहेत. ग्रँड पियानोच्या आतल्या लोखंडी चौकटीचे आडवे-तिडवे दांडे प्रत्येक बनावटीत वेगळ्या जागी असतात. एका पियानोवर जिथे हात सहज जातो, तिथे दुसऱ्यावर नेमका दांडा आडवा येतो. म्हणून मैफलीआधी त्याच पियानोवर हात घालून पाहावा लागतो आणि तारांजवळ खुणा कराव्या लागतात. नोटेशन ठेवायची पाटी काढावी लागते, म्हणजे रचना पाठच हवी. घामाने तारा गंजतात म्हणून सभागृहांचे पियानो-तंत्रज्ञ हात आत घालू द्यायला नाखूश असतात. आणि मोठा धोका असा, की हाताचा दाब जास्त झाला तर नुसता ठोका ऐकू येतो, स्वर येतच नाही. हे कानानेच साधायचं. म्हणून ही रचना बसवणाऱ्याने आधी वेसेल यांची ध्वनिमुद्रणं भरपूर ऐकावीत, नोटेशन मग उघडावं, असं मी आग्रहाने सांगेन.

दुसरं उत्तर, तेरा वर्षांनी

१३ मार्च २०१० ला जर्मनीत डॉर्टमुंडच्या कॉन्झर्टहाउसमध्ये साय यांची 'इस्तंबूल सिंफनी' पहिल्यांदा वाजली. कोलोनच्या डब्ल्यूडीआर रेडिओचा वाद्यवृंद होता, संचालक हॉवर्ड ग्रिफिथ्स. २०१० मध्ये इस्तंबूल आणि जर्मनीतलं रूर खोरं दोन्ही युरोपची सांस्कृतिक राजधानी होती. डॉर्टमुंड त्याच खोऱ्यात. जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यातल्या १९६१ च्या कामगार-करारानंतर तुर्की कामगार ज्या खाणी-कारखान्यांत उतरले, तोच हा प्रदेश.

'कारा तोप्राक'मध्ये पाश्चात्त्य वाद्याला तुर्की बोलायला लावलं होतं. सिंफनीत साय यांनी तुर्की वाद्यंच ऑर्केस्ट्रात आणून बसवली: नेय ही बोरूची बासरी, कानून हे आडवं ठेवून छेडायचं तारवाद्य, आणि कुदुम-बेंदिरसारखी तालवाद्यं. वादकही त्या परंपरेतले, नेयवर बुर्जू कारादा आणि कानूनवर हाकान ग्युंग्योर. कानूनच्या प्रत्येक तारसमूहाखाली 'मांदाल' नावाच्या छोट्या धातूच्या पट्ट्या असतात. वाजवता वाजवता डाव्या हाताने त्या वर-खाली केल्या की स्वर कोमाकोमाने सरकतो. नेयवाला फुंकरीचा कोन बदलून तेच साधतो. म्हणजे पियानोवर जो रिषभ नव्हता, तो इथे प्रत्यक्ष हजर आहे.

तो आला की ऑर्केस्ट्राशी त्याचं जमणं आलं. ऑटोमन परंपरेतल्या स्वरलेखनात कागदावर 'रे' लिहिलेला स्वर एका प्रचलित पट्टीत प्रत्यक्षात युरोपीय 'ला'च्या जागी वाजतो. नेयही एक नसते. लांबीप्रमाणे तिची पट्टी बदलते, म्हणून वादक वेगवेगळ्या नेय जवळ ठेवतो. कोणी कोणाच्या 'ला'ला 'ला' म्हणायचं हे तालमीआधी ठरवावं लागतं. आणि संगीतकाराला एक मोह आवरावा लागतो: नेय बोलत असताना व्हायोलिनांना भरगच्च हार्मनी देण्याचा. जिथे ऑर्केस्ट्रा मागे सरून लांब सूर धरतो, तिथे सिंफनी मला सर्वांत जवळची वाटते. जिथे दोन्ही एकदम तावातावाने बोलतात, तिथे चित्रपटातल्या पौर्वात्य देखाव्याची झाक येते.

सिंफनीचे सात भाग आहेत: जुन्या शहराची ओढ, सूफी पंथ, निळी मशीद, प्रिन्स बेटांकडे जाणाऱ्या बोटीवरच्या नटलेल्या तरुणी, हैदरपाशा स्थानकातून अनातोलियाला निघालेले प्रवासी, पौर्वात्य रात्र आणि शेवट. ग्योकाल्पच्या निवाड्याशेजारी ही यादी ठेवून बघा. जे पौर्वात्य संगीत टाकून द्यायचं ठरलं होतं, जे मठ कायद्याने बंद केले होते, त्यांची वाद्यं इथे मध्यभागी बसली आहेत. साय स्वतः कडवे धर्मनिरपेक्ष, अतातुर्कांना मानणारे. तरी त्यांच्या कानाने त्यांना त्या चौकटीबाहेर नेलं. पुढे त्यांनी नेयसाठी 'हेझारफेन' हा स्वतंत्र कन्चेर्तोही (एक वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) लिहिला.

सरकारशी त्यांचे खटके वेगळ्याच कारणांनी उडत राहिले. ट्विटरवरच्या मजकुरावरून धर्मभावना दुखावल्याचा खटला झाला आणि एप्रिल २०१३ मध्ये दहा महिन्यांची स्थगित शिक्षा सुनावली गेली. २०१६ मध्ये ते निर्दोष सुटले. मधे, २०१४ मध्ये, अंकाराच्या राष्ट्राध्यक्षीय वाद्यवृंदाच्या कार्यक्रमपत्रिकेतून त्यांच्या रचना वगळल्या गेल्या, त्यांत 'इस्तंबूल सिंफनी'ही होती. २०१९ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष एर्दोआन स्वतः त्यांच्या मैफलीला येऊन बसले.

सिवासशीही त्यांचं नातं एका गाण्यापुरतं नाही. २ जुलै १९९३ ला सिवासमध्ये जमावाने मादमाक हॉटेल पेटवलं. तिथे पीर सुलतान आबदाल या संतकवीच्या नावाने भरलेल्या उत्सवाला आलेले कवी, लेखक, साझवादक उतरले होते. त्यांत बरेच आलेवी, म्हणजे तुर्कस्तानातल्या एका अल्पसंख्य मुस्लिम पंथाचे होते. वेसेलही आलेवी घरातले, आणि आलेवी लोक साझला 'तारांचं कुराण' म्हणतात. आगीत होरपळून पुढे दगावलेले कवी मेतिन आलतोक यांच्यासाठी साय यांनी रिक्विएम, म्हणजे मृतासाठीची शोकरचना, लिहिला. 'कारा तोप्राक' या आगीनंतर चार वर्षांनी लिहिलं गेलं. रचनेत तिचा उल्लेख कुठे नाही, आणि साय यांच्या मनात ती होती असा दावा मी करणार नाही. पण १९९७ मध्ये अंकाराच्या एका वादकाने सिवासच्या साझचा आवाज पियानोत शोधावा, हे तुर्की श्रोत्याने त्या आठवणीशिवाय ऐकणं अवघड आहे.

जे साय यांच्या कानात शिरलं नाही

हैदरपाशा स्थानकाच्या भागाकडे पुन्हा जायला हवं. जर्मन वास्तुविशारदांनी बांधलेलं हे स्थानक म्हणजे अनातोलियातून कामासाठी इस्तंबूलला येणाऱ्या लाखोंचं पहिलं पाऊल. सिंफनी वाजली त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच्या छपराला आग लागली. १९६० आणि ७० च्या दशकांत इथे उतरलेली माणसं शहराच्या कडेला रातोरात बांधलेल्या वस्त्यांत राहिली. त्यांच्यातून आणि त्यांच्यासाठी एक नवं संगीत आलं, अरेबेस्क. त्यात साझ होता, बऱ्याचदा वीज जोडलेला. पाश्चात्त्य व्हायोलिनांचा ताफा होता, अरबी चित्रपटसंगीताची वळणं होती. सरकारी रेडिओ-दूरचित्रवाणीने ते वर्षानुवर्षं दारातच उभं केलं. मिनिबसांत आणि कॅसेटवर ते गाजत राहिलं.

२०१० मध्ये साय यांनी फेसबुकवर याच अरेबेस्कविषयी अत्यंत तुच्छतेने लिहिलं आणि देशभर वादळ उठलं. संगीतकाराला एखादं संगीत न आवडण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि अरेबेस्कमध्ये रडगाणं पुष्कळ आहे हेही खरं. पण ज्या माणसाने वेसेल यांचा साझ इतक्या मायेने ऐकला, त्याने हे ऐकू नये याचं मला मनापासून वाईट वाटतं. अरेबेस्कचे मोठे कलाकार ओरहान गेंजेबाय हे मुळात कसलेले साझवादक. त्यांनीही लोकवाद्य आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ एकत्र आणायचाच उद्योग केला. फक्त तो सभागृहात झाला नाही आणि त्याला कोणी राष्ट्रीय म्हटलं नाही. सिंफनीतले प्रवासी गाडीतून उतरल्यावर जे ऐकत होते, ते हेच होतं. ग्योकाल्पने बाहेर ठेवलेलं नेय आणि कानून साय यांनी आत घेतलं. अरेबेस्क त्यांनी बाहेरच ठेवलं, आणि पोलिसाने अंकाराच्या बाजाराच्या तोंडाशी वेसेल यांना अडवलं त्याहून हे फार निराळं आहे, असं मला म्हणवत नाही.